मज्जारज्जूचा दाह आणि त्यानंतरचे आयुष्य
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



संस्थेच्या वार्षिक समारंभात डॉक्टरला बोलावले म्हणजे तो मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखू यांवर बोलणार अशी सर्वांची अपेक्षा असते. चिटणीसांनीही मला तोच विषय सुचवला होता. परंतु आज मी एका अशा आजाराविषयी बोलणार आहे, ज्याचे नावही आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले नसेल. तो दुर्मिळ आहे. दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला एक ते चार नवे रुग्ण, असे त्याचे प्रमाण वैद्यकीय ग्रंथांतून दिलेले आढळते. मग एवढ्या दुर्मिळ आजारासाठी आपला वेळ का घ्यावा? याला दोन कारणे आहेत. पहिले असे, की हा आजार धट्ट्याकट्ट्या माणसाला काही तासांत किंवा काही दिवसांत अंथरुणाला खिळवतो, आणि त्या वेळी घरच्यांनी काय केले यावर त्याचे पुढचे सारे आयुष्य ठरू शकते. दुसरे कारण माझ्या स्वतःच्या एका चुकीचे आहे. ते मी ओघात सांगेन.

या आजाराला मज्जारज्जूचा दाह म्हणतात. इंग्रजी नावाने डॉक्टर त्याला ‘ट्रान्सव्हर्स मायलायटिस’ म्हणतात. १९४८ साली एका इंग्रज डॉक्टरने न्यूमोनियानंतर पाय लुळे पडलेल्या रुग्णाचे वर्णन करताना हा शब्द वापरला, आणि तेव्हापासून तो रूढ झाला.

मज्जारज्जू म्हणजे काय?

विद्यार्थी मित्रांनो, पाठीचा कणा आणि मज्जारज्जू या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे प्रथम लक्षात घ्या. कणा हाडांचा. त्या हाडांच्या पोकळीतून मेंदूपासून निघालेली एक मऊ दोरी खाली उतरते, ती मज्जारज्जू. मोठ्या माणसात तिची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आणि जाडी साधारण करंगळीएवढी. कमरेच्या वरच्या भागातच ती संपते. तिच्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघून हातापायांना, पोटाला, मूत्राशयाला जातात. ‘चाल’ हा मेंदूचा हुकूम याच दोरीतून खाली जातो, आणि ‘पायाखाली खडा आहे’ ही खबर याच दोरीतून वर येते. लघवी केव्हा रोखायची आणि केव्हा सोडायची, हाही कारभार तिच्याच मार्फत चालतो.

दुसऱ्या शतकात गालेन या वैद्याने प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले होते, की मज्जारज्जू ज्या पातळीवर कापावी त्या पातळीच्या खालचे शरीर निकामी होते. आपल्या इब्न सीनाने अकराव्या शतकात ‘अल्-कानून’ हा ग्रंथ लिहिला, आणि तो पुढे लॅटिन भाषेत जाऊन युरोपच्या विद्यापीठांत शतकानुशतके शिकवला गेला. त्यातही मज्जातंतूंच्या विकारांचा विचार आहे. सांगायचा मुद्दा एवढाच, की या विषयाचा अभ्यास करणे ही आपल्यासाठी परकी गोष्ट नाही.

आता दाह म्हणजे काय ते पाहू. आपल्या शरीरात एक पहारेकरी सैन्य असते. जंतू आले की ते त्यांच्यावर तुटून पडते. यालाच आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो. परंतु काही वेळा या सैन्याची ओळख चुकते आणि ते आपल्याच घरावर हल्ला करते. सांध्यांवर हल्ला झाला तर संधिवाताचा एक प्रकार होतो. मज्जारज्जूवर झाला तर तेथे सूज येते, तंतूंभोवतीचे चरबीचे वेष्टण झडते, आणि विजेच्या तारेवरचे रबर निघाल्यावर व्हावे तसे संदेशांचे होते. काही संदेश अडखळतात, काही भलतीकडे जातात, काही पोचतच नाहीत. यात रुग्णाचा दोष नसतो. हा आजार लागट नाही. तो कोणाच्या नजरेने किंवा करणीने होत नाही, आणि मागच्या पापाची ती शिक्षाही नव्हे.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात एका हायस्कुलातील शिक्षिका माझ्या दवाखान्यात आल्या. वय बत्तीस. दहावीच्या परीक्षा चालू होत्या. सोबत सासरे होते. म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, दोन दिवस झाले, पायांना मुंग्या येतात. आणि पोटाभोवती कोणी पट्टा आवळल्यासारखं वाटतं.” मी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, पाय वरवर हलवून पाहिले. परीक्षेची दगदग, उभे राहून पर्यवेक्षण, जेवणाची हेळसांड, असा माझ्या मनाने निकाल दिला. पोटाच्या पट्ट्याला मी गॅस म्हटले. बी-कॉम्प्लेक्सचे इंजेक्शन दिले, दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि विश्रांती सांगितली.

एक प्रश्न मी विचारला नाही. लघवी नीट होते का, हा तो प्रश्न. सासरे समोर बसले होते म्हणून मी संकोचलो, आणि त्याच कारणाने त्यांनीही सांगितले नाही. आदल्या रात्रीपासून त्यांना लघवीला बसल्यावर बराच वेळ थांबावे लागत होते, हे मला नंतर समजले. पायांना मुंग्या, अंगाभोवती पट्टा आवळल्याची भावना आणि लघवीची अडचण ही तीन लक्षणे एकत्र आली की मज्जारज्जूचा विचार करायचा, हे मी विद्यार्थिदशेत पाठ केले होते. एक प्रश्न विचारला असता तर तिन्ही माझ्यापुढे आली असती.

तिसऱ्या दिवशी पहाटे सासरे धावत आले. बाईंना अंथरुणातून उठता येत नव्हते. बेंबीच्या खाली चिमटा घेतला तरी कळत नव्हते. अठरा तास लघवी झालेली नव्हती, आणि पोट घागरीसारखे फुगले होते. मी नळी घालून लघवी काढली आणि त्याच गाडीने त्यांना मुंबईला रवाना केले. त्या दिवसापासून माझ्या दवाखान्यात एक वेगळी खोली आहे. प्रत्येक स्त्रीरुग्णाशी दोन मिनिटे एकटीने, हवे तर परिचारिकेच्या उपस्थितीत, बोलल्याशिवाय मी औषध लिहीत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे, की डॉक्टरने दोन मिनिटे बाहेर बसायला सांगितले तर त्यात अपमान मानू नका. शरम ही चांगली गोष्ट आहे, पण दवाखान्याच्या दारात ती चपलांबरोबर काढून ठेवावी.

ओळखायचे कसे आणि करायचे काय?

लक्षणे पुन्हा सांगतो. दोन्ही पायांत, क्वचित हातांतही, वाढत जाणारी अशक्तता. पाय बधिर होणे किंवा जळजळणे. छातीभोवती वा पोटाभोवती पट्टा आवळल्याची भावना. पाठीत किंवा मानेत दुखणे. लघवी अडणे, किंवा नकळत होणे. बद्धकोष्ठ. ही लक्षणे काही तासांपासून तीन आठवड्यांपर्यंतच्या काळात वाढत जाऊन शिखर गाठतात.

अशा वेळी मालीश करणाऱ्याकडे किंवा हाडवैद्याकडे जाऊन कणा ‘बसवून’ घेणे धोक्याचे आहे. दुआ जरूर करावी, दर्ग्यावरही जावे, पण रुग्ण इस्पितळात पोचल्यावर. कारण पायांतील शक्ती अशी जाण्याची इतरही कारणे असतात. आपल्या देशात कण्याचा क्षयरोग आहे. त्यात पू साचून मज्जारज्जूवर दाब येतो. गाठ असू शकते, सरकलेली चकती असू शकते. यांत काही वेळा तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते, आणि उशीर झाला तर पाय परत येत नाहीत. जीवनसत्त्व बी-१२ च्या अभावानेही मज्जारज्जू बिघडते, ते मात्र साध्या इंजेक्शनांनी सुधारता येते. म्हणून पहिली तपासणी म्हणजे एम. आर. आय. त्यानंतर कमरेतून पाणी काढून तपासतात. या तपासणीची आपल्याकडे फार भीती आहे. “कमरेतून पाणी काढलं की माणूस लुळा पडतो,” असे मी शंभरदा ऐकले आहे. सुई मज्जारज्जू संपते त्याच्या खाली घातली जाते, त्यामुळे ती मज्जारज्जूला लागत नाही. एखाद-दोन दिवस डोके दुखू शकते.

दाह आहे असे ठरले की शिरेतून मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मोठ्या मात्रेत, साधारण दिवसाला एक ग्रॅम, तीन ते पाच दिवस, कधी सात दिवसांपर्यंत देतात. त्याने पुरेसा फरक पडला नाही, किंवा आजार फार तीव्र असेल, तर रक्तातील द्रव बदलण्याचा उपचार करतात, त्याला प्लाझ्मा एक्स्चेंज म्हणतात. एक दिवस आड अशा पाच ते सात वेळा तो करावा लागतो. हे उपचार जितके लवकर तितके बरे.

एकाच नावाखाली अनेक आजार

पालकहो, आता मी सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. मज्जारज्जूचा दाह हे घराचे नाव झाले. त्या घरात वेगवेगळे आजार राहतात, आणि रुग्णाचे भवितव्य त्यांतला कोणता आजार आहे यावर अवलंबून असते.

पहिला प्रकार कारण न सापडणारा. काहींना आधी तापाचा, सर्दीचा किंवा जुलाबाचा आजार होऊन गेलेला असतो. हा झटका बहुधा आयुष्यात एकदाच येतो.

दुसरा मल्टिपल स्क्लेरोसिस. यात मज्जारज्जूतील डाग लहान असतो, आणि लक्षणे बहुधा एका बाजूला अधिक व सौम्य असतात. पहिल्या झटक्याच्या वेळी मेंदूच्या एम. आर. आय.मध्येही असे डाग दिसले तर पुढे हा आजार होण्याची शक्यता फार मोठी असते. मेंदू स्वच्छ असेल तर ती बरीच कमी असते.

तिसरा प्रकार न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. १८९४ साली फ्रान्समधील ल्यों शहरात देविक या डॉक्टरने डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जू यांवर एकाच वेळी घाला घालणाऱ्या या आजाराचे वर्णन केले. पुढे शंभराहून अधिक वर्षे त्याला मल्टिपल स्क्लेरोसिसचाच भाऊ समजत. २००४ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी या रुग्णांच्या रक्तात एक विशिष्ट प्रतिपिंड शोधून काढले, आणि पुढच्याच वर्षी ते ‘अ‍ॅक्वापोरिन-४’ नावाच्या प्रथिनावर हल्ला करते हे सिद्ध झाले. हे प्रथिन मेंदूच्या पेशींतील पाण्याचे दार होय. हे प्रतिपिंड असलेल्या रुग्णांत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या कितीतरी पट असते. यात मज्जारज्जूतील सूज तीन किंवा अधिक मणक्यांएवढी लांब असते, आणि झटका पुन्हा येण्याचा धोका मोठा असतो.

चौथा प्रकार ‘मॉग’ नावाच्या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडाचा. यात पहिला झटका जबर असला तरी पाय बहुधा चांगले सुधारतात, लघवीच्या तक्रारी मात्र मागे राहू शकतात. याखेरीज ल्युपस, शोग्रेन, सारकॉइड अशा सर्वांगाच्या आजारांतही मज्जारज्जूला दाह होतो.

ही नावे तुम्ही पाठ करावीत असा माझा आग्रह नाही. पण डॉक्टरने ‘अ‍ॅक्वापोरिन’ आणि ‘मॉग’ या रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, आणि त्या महाग वाटल्या, तर त्या टाळू नका. कारण मल्टिपल स्क्लेरोसिसची इंटरफेरॉनसारखी काही औषधे न्यूरोमायलायटिसच्या रुग्णाला दिली तर आजार उलट बळावतो. निदान चुकले की औषधच वैरी होते.

पुढे काय?

रुग्ण आणि घरची माणसे डॉक्टरला एकच प्रश्न विचारतात, “पुन्हा चालता येईल का?” याचे जुने ढोबळ उत्तर असे, की तिघांपैकी एक चांगला सुधारतो, एकाला काही अधूपण राहते, आणि एकाला मोठे अपंगत्व येते. हे प्रमाण प्रतिपिंडांच्या तपासण्या येण्यापूर्वीच्या काळातले आहे, सर्व प्रकारांची मोट बांधून काढलेले आहे. एका रुग्णाला ते जसेच्या तसे लावू नये. तरी मला तिन्ही वाटांवरची माणसे भेटली आहेत.

कुवेतमध्ये ड्रायव्हरची नोकरी करणारा एक तरुण सुटीवर आला असताना आजारी पडला. लक्षणे दहा-बारा दिवसांत हळूहळू वाढली, पाय पूर्ण गेले नव्हते. तीन महिन्यांत तो चालू लागला आणि वर्षभरात कामावर गेला. आजही उन्हात दमला की त्याच्या तळपायांना मुंग्या येतात, एवढेच. दुसरा एक कॉलेज विद्यार्थी. रात्री जेवून झोपला, दुपारपर्यंत दोन्ही पाय लुळे. मानेखालीच संवेदना नव्हती. सर्व उपचार झाले, पण पाय परतले नाहीत. तो चाकांच्या खुर्चीत बसून बी. कॉम. झाला आणि आज चार दुकानांचे हिशेब लिहितो. तिसऱ्या त्या शिक्षिका. त्यांच्याविषयी पुढे सांगतो.

या तिघांवरून काही नियम लक्षात येतील. काही तासांत पूर्ण लुळेपणा आला, तर पुढची वाट अवघड. हळूहळू वाढलेला आणि अपुरा राहिलेला लुळेपणा अधिक सुधारतो. सुधारणा साधारण पहिल्या तीन महिन्यांत सुरू होते. तीन ते सहा महिन्यांत काहीच हालचाल झाली नाही, तर पूर्ण बरे होण्याची आशा कमी होते. पण एकदा सुरू झालेली सुधारणा दोन वर्षांपर्यंत चालू राहू शकते. म्हणून आठव्या महिन्यात “आता व्यायामाने काय होणार” असे म्हणून फिजिओथेरपी सोडू नये. आणि दोन-चार लाख रुपये घेऊन मूळपेशींच्या इंजेक्शनाने पाय परत आणून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहावे. असा उपचार या आजारात अद्याप सिद्ध झालेला नाही. त्यासाठी घरातील दागिने विकलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

आता त्या शिक्षिकेची हकिकत पुरी करतो. त्यांच्या रक्तात अ‍ॅक्वापोरिनचे प्रतिपिंड सापडले. पाच दिवस स्टेरॉइड आणि नंतर प्लाझ्मा बदलण्याचा उपचार झाला. सहाव्या आठवड्यात उजव्या पायाचा अंगठा हलला. त्या दिवशी त्यांच्या सासऱ्यांनी मला फोन केला, आणि बराच वेळ त्यांना बोलताच आले नाही. चौथ्या महिन्यात वॉकर, वर्षअखेर एक काठी. झटका पुन्हा येऊ नये म्हणून त्यांना अ‍ॅझाथायोप्रिनच्या गोळ्या चालू होत्या. वीस महिने झाले. चालत्या-फिरत्या माणसाला रोज गोळ्या कशाला, त्या गरम पडतात, असे कोणी नातेवाइकाने सांगितले. औषधाला पैसेही लागत होते. गोळ्या बंद झाल्या. चार महिन्यांनी एका सकाळी त्या उठल्या तेव्हा डाव्या डोळ्यापुढे काळा पडदा होता.

या वेळी त्या त्याच दिवशी आल्या आणि सर्व काही स्वतःच्या तोंडाने सांगितले. उपचार लगेच झाले, दृष्टी बरीचशी परत आली, पण पूर्ण नाही. डाव्या डोळ्याला लाल रंग आता फिका दिसतो.

पालकहो, हे नीट समजून घ्या. न्यूरोमायलायटिसमध्ये अपंगत्व हळूहळू वाढत नाही, ते प्रत्येक झटक्याबरोबर पायरी-पायरीने येते. म्हणजे झटका टळला की अपंगत्व टळले. औषध न घेतलेल्या रुग्णांच्या जुन्या पाहण्यांत पाच वर्षांच्या आत निम्म्याच्या आसपास रुग्णांची एका डोळ्याची दृष्टी गेली होती, किंवा त्यांना आधाराशिवाय चालता येत नव्हते. आज अ‍ॅझाथायोप्रिन, मायकोफिनोलेट, रिटुक्सिमॅब ही औषधे आपल्याकडे मिळतात, आणि रिटुक्सिमॅब भारतात तयारही होते. २०१९ पासून याच आजारासाठी इक्युलिझुमॅब, इनेबिलिझुमॅब, सॅट्रालिझुमॅब अशी नवी औषधे मान्य झाली, परंतु ती फार महाग आहेत. त्या शिक्षिकेला दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅब दिले जाते. सात वर्षांत एकही झटका आलेला नाही.

ही औषधे प्रतिकारशक्ती दाबतात, तेव्हा ती सुरू करण्यापूर्वी क्षयरोग आणि बी प्रकारची कावीळ यांची तपासणी करावी लागते. ताप आला तर अंगावर काढू नये. स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरशी बोलावे, कारण मायकोफिनोलेटसारखे औषध गर्भाला घातक असते, आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत झटक्याचा धोका वाढतो. परंतु या आजारामुळे लग्न करू नये किंवा मूल होऊ देऊ नये, असा वैद्यकशास्त्राचा मुळीच आदेश नाही.

रोजची काळजी

जुन्या काळी मज्जारज्जू निकामी झालेले रुग्ण आजाराने कमी, आणि पाठीच्या जखमांनी व मूत्रपिंडाच्या संसर्गाने अधिक दगावत. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमन या डॉक्टरने हे चित्र पालटले. तो नाझी जर्मनीतून परागंदा झालेला ज्यू. रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवणे, लघवीची स्वच्छता आणि काम-खेळ हाच त्याचा मंत्र. १९४८ साली लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी त्याने १६ अपंग स्त्री-पुरुष सैनिकांची तिरंदाजी भरवली. आजचे पॅरालिंपिक त्यातून उगवले. आणि आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले जवान, यांनी १९७२ साली जर्मनीत हायडलबर्ग येथे पोहण्यात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले.

घरी चार गोष्टी सांभाळा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी वळवा आणि टाच, माकडहाड रोज पाहा. लघवी पूर्ण होत नसेल तर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळीने ती स्वतः काढायला शिकवता येते, त्याने मूत्रपिंडे वाचतात. पाय आखडत असतील तर रोज सांधे हलवा, औषधेही आहेत. आणि रुग्णाचे मन पाहा. पूर्वी तासाला चाळीस मुलांना शिकवणारी व्यक्ती दिवसभर छताकडे पाहत पडली की तिला नैराश्य येते, थकवा येतो. तो आळस नव्हे. मुंबईत हाजीअली येथे पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांसाठी १९८५ पासून काम करणारी भारतीय सोसायटी आहे. त्यांची मदत घ्या.

आणखी एक बाब, जी रुग्ण मला दबक्या आवाजात विचारतात. लघवी नकळत होते, कपडे पाक राहत नाहीत, मग नमाज कशी पढावी? अनेकांनी या शरमेने नमाज सोडलेली मी पाहिली. मी आलिम नाही, पण एवढे आपण सर्व जाणतो, की उभे राहता न येणाऱ्याला बसून, बसता न येणाऱ्याला पडून इशाऱ्याने नमाज पढता येते, आणि ज्याला असा कायमचा उज़्र आहे त्याच्यासाठी शरीअतने सवलत ठेवली आहे. आपल्या इमामसाहेबांना विचारा. रमजानचेही तसेच आहे. कुरआनने आजाऱ्याला रोज्याची सूट दिली आहे. औषधाच्या वेळा मोडून रोजा धरण्यापूर्वी डॉक्टर आणि आलिम, दोघांनाही विचारा.

या संस्थेला एक विनंती

शेवटी पुन्हा त्या शिक्षिकेकडे येतो. काठी घेऊन त्या शाळेत परतल्या तेव्हा त्यांचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. त्यांना सुचवण्यात आले, की जिने चढता येत नसतील तर राजीनामा द्यावा. त्या खचल्या होत्या, अर्ज लिहूनही झाला होता. तेवढ्यात त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने, जो त्या वेळी कायद्याच्या दुसऱ्या वर्षात होता, त्यांना २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आणून दाखवला. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येत नाही, असे त्या कायद्याचे कलम २० सांगते. अर्ज फाडला गेला. वर्ग तळमजल्यावर आला. आज त्या तेथेच विज्ञान शिकवतात, आणि मज्जासंस्थेचा धडा त्यांच्याइतका चांगला मी कोणाकडून ऐकलेला नाही.

विद्यार्थ्यांसाठीही त्या कायद्यात तरतुदी आहेत. एकवीस प्रकारची अपंगत्वे त्यात मोजली आहेत, आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस व मज्जासंस्थेचे जुनाट आजार नावानिशी आहेत. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असेल, तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सवलत आहे, सरकारी नोकरीत ४ टक्के जागा आहेत. अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढणे ही नामुष्की नव्हे, ती मुलाच्या हक्काची चावी आहे. आपल्या समाजात मुलगी अशी आजारी पडली की पहिली गोष्ट तिची तालीम बंद होते. माझे म्हणणे उलट आहे. पाय अधू झालेल्या मुलीला तालमीची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, कारण तिला पुढे डोक्याच्या बळावर उभे राहायचे आहे.

म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी नम्र विनंती. नव्या इमारतीचा नकाशा मी बाहेर लावलेला पाहिला. इमारत सुंदर होईल यात शंका नाही. पण त्या नकाशात प्रवेशद्वारापाशी नऊ पायऱ्या आहेत, आणि तळमजल्यावर खुर्ची आत जाईल अशा रुंद दाराचे एकही स्वच्छतागृह नाही. नकाशा अजून कागदावर आहे. कागदावर एक उतार आखायला एक रेघ लागते, सिमेंटमध्ये तो नंतर करायला हजारो रुपये लागतात. ज्याच्यासाठी तो उतार लागेल तो विद्यार्थी किंवा शिक्षक आज कदाचित याच सभागृहात आपल्या पायांनी चालत आला असेल.

अल्लाह सर्वांना तंदुरुस्ती देवो.  खुदा हाफिज.